लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर ‘किल्ड’ येतं: द्राक्षाच्या पानांचं मॉडेल क्लाउडवर चढवताना

प्रश्न थोडक्यात असा. निफाडकडच्या एका तरुणाने द्राक्षाच्या पानाचा फोटो बघून रोग ओळखणारं मॉडेल तयार केलं आहे. रेसनेट-५० (फोटो ओळखायला सर्रास वापरलं जाणारं न्यूरल नेटवर्क), प्लांटव्हिलेज या पिकांच्या पानांच्या खुल्या फोटोसंचावर शिकवलेलं, चार वर्ग, चाचणीत अचूकता ९९ टक्के. लॅपटॉपवर फ्लास्कमध्ये (पायथनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट) व्यवस्थित चालतं. एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, मुंबई रीजनमध्ये १ जीबी मेमरीचं टी३ मायक्रो मशीन घेतलं, गनिकॉर्न या पायथनच्या वेब-सर्व्हरचे पाच वर्कर लावले. एक-दोन फोटो नीट जातात, मग टर्मिनलवर ‘किल्ड’ एवढा एकच शब्द येतो आणि ब्राउझरमध्ये ५०२, म्हणजे मागच्या सर्व्हरकडून उत्तर न आल्याचा एरर. मॉडेलची फाइल २८२ एमबी आहे. मित्र म्हणतात जीपीयू (मॉडेल वेगात चालवणारं ग्राफिक्स कार्ड) घे. बजेट महिन्याला अडीच हजार. काय करावं?

आधी जीपीयूचं सांगतो, कारण त्यात पैसे जातील. घेऊ नका. रेसनेट-५० ला २२४ बाय २२४ च्या एका फोटोसाठी साधारण चारशे कोटी गुणाकार-बेरजा लागतात. आकडा मोठा वाटतो, पण आजच्या साध्या सीपीयूला हे काम सेकंदाच्या बऱ्याच आत जमतं. एका फोटोला ३०० मिलिसेकंद धरा. दिवसाला हजार फोटो आले तरी एकूण पाच मिनिटांचं काम झालं. तेवढ्यासाठी टी४ या जीपीयू कार्डचं सगळ्यात लहान मशीन घेतलंत तर तासाला अर्ध्या डॉलरच्या वर जातं, महिन्याचे ७३० तास धरले की साडेतीनशे डॉलरच्या पुढे. शिवाय नव्या खात्यावर जीपीयूचा कोटा बहुतेक वेळा शून्यच असतो, तो वाढवून मागावा लागतो. तुमचा अडथळा वेगाचा नाही, मेमरीचा आहे.

आता ‘किल्ड’ म्हणजे काय ते बघू. हा शब्द तुमच्या प्रोग्रामने लिहिलेला नाही. लिनक्सच्या कर्नलने मेमरी संपताना बघितली, सगळ्यात जास्त खाणारी प्रोसेस शोधली आणि मारली. म्हणून पायथनचा एररही दिसत नाही, ट्रेसबॅकही नाही. प्रोसेसला बोलायला वेळच मिळत नाही. खात्री करायची तर कर्नलचा लॉग उघडा, डीमेसेज (dmesg) कमांडने दिसतो. त्यात ‘आउट ऑफ मेमरी’ आणि खाली तुमच्या गनिकॉर्नचा प्रोसेस नंबर सापडेल. डॉकरमध्ये (प्रोग्राम लायब्रऱ्यांसकट एका बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) चालवत असाल तर कंटेनर १३७ हा कोड देऊन मेलेला दिसेल: १२८ अधिक ९, आणि ९ म्हणजे सिगकिल, प्रोसेसला जागीच मारण्याचा हुकूम. हे आधी डोळ्यांनी बघून घ्या. अंदाजाने मशीन मोठं करत बसलो की महिनाभर पैसे भरूनही कारण कळत नाही.

मेमरी जाते कुठे? तुम्ही पाच वर्कर लावलेत ते ‘कोअर गुणिले दोन अधिक एक’ या सूत्रावरून. गनिकॉर्नच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ते दिलेलंच आहे आणि डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत बसणाऱ्या साध्या वेबसाइटसाठी ते ठीक आहे. मॉडेलच्या सर्व्हरला ते चालत नाही. प्रत्येक वर्कर ही स्वतंत्र प्रोसेस असते, ती आपलं वेगळं पायथन, वेगळं पायटॉर्च (मॉडेल शिकवायची आणि चालवायची लायब्ररी) आणि मॉडेलची वेगळी प्रत घेऊन बसते. पायटॉर्च नुसतं इम्पोर्ट केलं की दोनशे एमबीच्या आसपास गेलेच. वर मॉडेल. त्याला पाचाने गुणा. एकही फोटो न येता तुमचं १ जीबी ओलांडून झालेलं आहे.

मग पहिले एक-दोन फोटो कसे जातात? यावरून वाटतं की तुम्ही मॉडेल पहिली रिक्वेस्ट आल्यावर लोड करताय, फंक्शनच्या आत. पहिला फोटो एका वर्करकडे गेला, त्याने मॉडेल उचललं. दुसरा फोटो दुसऱ्याकडे, त्यानेही उचललं. तिसऱ्याला जागा उरली नाही. मॉडेल सर्व्हर सुरू होतानाच लोड करा. मरायचं असेल तर तुमच्या डोळ्यांसमोर, सुरू होतानाच मरेल. शेतकऱ्याच्या तिसऱ्या फोटोवर नाही.

तुमच्या फाइलचा आकार बघून मला आणखी एक गोष्ट कळली. चार वर्गांचं रेसनेट-५० म्हणजे साधारण २.३५ कोटी पॅरामीटर. प्रत्येकी चार बाइट धरले की ९४ एमबी. तुमची फाइल २८२ एमबी आहे, बरोबर तिप्पट. म्हणजे तुम्ही फक्त मॉडेल सेव्ह केलेलं नाही, अ‍ॅडम ऑप्टिमायझरची (शिकवताना पॅरामीटर सुधारत जाणारी पद्धत) अवस्थाही त्यात आहे. अ‍ॅडम प्रत्येक पॅरामीटरमागे आणखी दोन आकडे सांभाळतो, म्हणून तिप्पट. शिकवणं मधेच थांबवून पुढे चालू करायला ते हवं असतं, सर्व्हरवर त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट लोड होताना ते सगळं मेमरीत येतं आणि भार क्षणभर चौपट होतो. लॅपटॉपवर १६ जीबीत हे कुणाच्या लक्षात येत नाही. फक्त वजनं, म्हणजे ते पॅरामीटर तेवढे, वेगळी काढून नवी फाइल करा.

तिसरं खाणं फोटोचं. आजकालच्या फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो डिस्कवर ३-४ एमबी दिसतो, पण तो जेपेगचा आकार. उलगडला की ४००० गुणिले ३००० गुणिले ३ रंग, ३६ एमबी झाला. तुमच्या कोडमध्ये आधी टेन्सर (मॉडेलला लागणारा आकड्यांचा तक्ता) करून मग आकार लहान करत असाल, तर प्रत्येक आकडा एका बाइटचा चार बाइट होतो आणि एकाच फोटोला १४४ एमबी लागतात. क्रम उलटा करा: आधी लहान, मग टेन्सर. पिलो या फोटो हाताळणाऱ्या पायथन लायब्ररीत ड्राफ्ट नावाची सोय आहे, ती जेपेग उलगडतानाच लहान करून उलगडते. ती वापरली की ३६ एमबीची उडीही येत नाही.

इथपर्यंतच्या दुरुस्त्या केल्यात आणि वर्कर एकावर आणलात तर कदाचित तुमचं टी३ मायक्रोही तग धरेल. पण मी तिथे थांबणार नाही. सर्व्हरवरून पायटॉर्चच काढून टाका.

मॉडेल ओएनएनएक्स या पायटॉर्चशिवायही चालणाऱ्या स्वरूपात एक्सपोर्ट करा आणि सर्व्हरवर ते चालवणारं ओएनएनएक्स रनटाइम एवढंच ठेवा. शिकवायला पायटॉर्च लागतं, उत्तर द्यायला लागत नाही. लिनक्सवर पायटॉर्च नेहमीच्या पद्धतीने इन्स्टॉल केलं की जीपीयूच्या सगळ्या कुडा लायब्रऱ्या सोबत येतात, ते प्रकरण काही जीबींचं होतं. उबुंटूच्या मशीनला मुळात ८ जीबी डिस्क मिळते, त्यात ‘नो स्पेस लेफ्ट’ यायला वेळ लागत नाही. फक्त सीपीयूचं पायटॉर्च वेगळ्या पत्त्यावरून घेता येतं, तेही चालेल, पण ओएनएनएक्स रनटाइम त्याहून सुटसुटीत आहे, लवकर सुरू होतं आणि मेमरीही कमी घेतं. एक्सपोर्ट करण्याआधी मॉडेल इव्हॅल मोडमध्ये, म्हणजे शिकण्याच्या नाही तर उत्तर देण्याच्या मोडमध्ये, टाकायला विसरू नका. रेसनेटमध्ये बॅचनॉर्म (सरासरी वापरून आकडे समतोल ठेवणं) आहे. ट्रेनिंग मोडमध्ये ते आलेल्या फोटोचीच सरासरी काढत बसतं आणि एकेकट्या फोटोवर भलतंच उत्तर देतं.

मग वर्कर एक, थ्रेड (एकाच प्रोसेसच्या आत समांतर चालणारी कामं) चार. ओएनएनएक्स रनटाइमचं एकच सेशन अनेक थ्रेडमधून वापरता येतं, मॉडेलची प्रत एकच राहते. दोन कोअर असतील तर आतल्या थ्रेडची संख्या दोनवर बांधून टाका, नाहीतर रिक्वेस्ट एकमेकींच्या पायात पाय घालतात.

पायटॉर्च काढलं की टॉर्चव्हिजनचे ट्रान्सफॉर्मही जातात. फोटो लहान करणं, मधला भाग कापणं, सरासरी वजा करून भागणं हे सगळं पिलो आणि नमपायने हाताने लिहावं लागतं. इथे जपून. माझा स्वतःचा सगळ्यात वाईट अनुभव इथलाच आहे.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यासाठी आम्ही सुट्या भागांवरचे डाग ओळखणारं मॉडेल चढवलं. चाचणीत उत्तम. सर्व्हरवर एरर नाही, ५०० नाही, प्रतिसादाचा वेळ छान, डॅशबोर्ड हिरवागार. आठ दिवसांनी तिथले तपासनीस म्हणाले, हे गंजलेले तुकडे पास करतंय. आम्ही मॉडेलवर शंका घेतली, डेटावर घेतली, कॅमेऱ्याच्या उजेडावर घेतली. शेवटी एका सहकाऱ्याने सर्व्हरवर मॉडेलच्या तोंडाशी पोचलेला फोटो जसाच्या तसा डिस्कवर लिहून उघडला, तर गंज निळा! शिकवताना ओपनसीव्ही (फोटो हाताळणारी दुसरी लायब्ररी) वापरलं होतं, ते रंग निळा-हिरवा-लाल क्रमाने देतं. सर्व्हरवर पिलो होतं, ते लाल-हिरवा-निळा देतं. मॉडेलने आयुष्यात निळा गंज बघितला नव्हता. आठ दिवस जो माल पुढे गेला तो परत मागवून तपासावा लागला. तेव्हापासून मी कुठलाही सर्व्हर चढवताना पहिली गोष्ट हीच करतो: आत गेलेला फोटो बाहेर काढून डोळ्यांनी बघतो.

तुमच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं आहे, कारण पानावरचा रोग हा रंगाचाच खेळ आहे. वीसेक फोटो बाजूला काढा, प्रत्येक वर्गाचे थोडे. लॅपटॉपवर पायटॉर्चमध्ये त्यांची उत्तरं काढा, चारही वर्गांची शक्यता दशांशांसकट लिहून ठेवा. सर्व्हरवर तेच फोटो, त्याच रस्त्याने, म्हणजे बाहेरून अपलोड करून पाठवा आणि ताडून बघा. फोटो बारीक करण्याची पद्धत वेगळी पडल्यामुळे थोडा फरक राहील, पण वर्ग बदलता कामा नये आणि शक्यता डोळ्यात भरेल इतकी हलता कामा नये. हे वीस फोटो आणि ताडून बघणारी छोटी स्क्रिप्ट कोडसोबतच ठेवा. पुढे कधीही काहीही बदललं की आधी ती चालवायची, मगच पत्ता लोकांना द्यायचा.

त्या विसात दोन-तीन फोटो मुद्दाम फोन उभा धरून काढलेले ठेवा. बरेच फोन फोटो आडवाच साठवतात आणि ‘हा फिरवून दाखवा’ अशी चिठ्ठी एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलमधल्या माहितीच्या कप्प्यात, घालतात. गॅलरी ती चिठ्ठी वाचते, पिलो आपणहून वाचत नाही. एक ओळ लिहावी लागते. त्याच एक्झिफमध्ये लोकेशन चालू असेल तर बागेचे अक्षांश-रेखांशही असतात. तुम्ही फोटो साठवणार असाल तर ते काढून टाका, किंवा शेतकऱ्याला स्पष्ट विचारून ठेवा. कुणाच्या बागेत रोग आला आहे ही माहिती व्यापाऱ्याच्या हाती लागली तर भाव पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ओपनसीव्ही ठेवायचंच असेल तर हेडलेस नावाचं पॅकेज घ्या. साधं घेतलंत तर सडपातळ लिनक्स इमेजवर ‘लिबजीएल सापडत नाही’ म्हणून अडतं, कारण ते खिडक्या दाखवायची सोय शोधतं आणि सर्व्हरला पडदाच नसतो.

गनिकॉर्न थेट जगासमोर उघडा ठेवू नका, पुढे एनजिनएक्स हा वेब-सर्व्हर लावा. लोक हे फक्त रीत म्हणून करतात, पण तुमच्या कामात त्याचं खरं कारण आहे. बागेत नेटवर्क एक कांडी असतं. ३ एमबीचा फोटो अर्धा मिनिट थेंबथेंब येत राहतो. गनिकॉर्नचा थ्रेड तेवढा वेळ अडकून बसतो आणि असे चार शेतकरी एकदम आले की पाचव्याला दार बंद. एनजिनएक्स पूर्ण फोटो आपल्याकडे गोळा करतो आणि मगच आत देतो. पण तो मुळात १ एमबीपेक्षा मोठं काही स्वीकारत नाही, ४१३ देऊन परत पाठवतो. ती मर्यादा १० एमबी करा. हा एक सेटिंग राहिला की लॅपटॉपवरच्या लहान फोटोंवर सगळं चालतं आणि खऱ्या फोनच्या फोटोवर अडतं, मग माणूस चक्रावून जातो.

त्याहून चांगलं म्हणजे फोटो फोनमध्येच बारीक करा. ब्राउझरमधल्या कॅनव्हासवर लांब बाजू १०२४ पिक्सेल करून पाठवला की ३ एमबीचे दोनेकशे केबी होतात. मॉडेल शेवटी २२४ पिक्सेलच बघणार आहे. सर्व्हर मुंबईत ठेवावा की हैदराबादेत यावर लोक खूप चर्चा करतात, पण तुमच्या शेतकऱ्याला जाणवणारा वेळ अपलोडचा आहे. तो इथे दहापट वाचतो.

एचटीटीपीएस पहिल्या दिवसापासून लावा. वेबपानात थेट कॅमेरा उघडायचा असेल तर ब्राउझर त्याशिवाय परवानगीच देत नाही. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, ९० दिवस चालतं, आणि आपोआप नवं करण्याची सोय सर्टबॉट करून देतो. ती खरंच चालतेय का हे लगेच तपासा, एकोणनव्वदाव्या दिवशी नाही. फायरवॉलमध्ये जगाला ८० आणि ४४३ एवढेच पोर्ट उघडे. २२ फक्त तुमच्या पत्त्याला. ५००० किंवा ८००० वर गनिकॉर्न ऐकत असेल तर ते मशीनच्या आतल्या आतच राहू दे.

डॉकर वापरू का, असं पुढे विचाराल. वापरा, पण त्यासाठी अडून बसू नका. एक मशीन, एक मॉडेल असताना सिस्टमडीची (लिनक्सवर प्रोग्राम सुरू करून चालू ठेवणारी यंत्रणा) आठ ओळींची फाइल पुरते. डॉकरचा फायदा म्हणजे पायथन आणि लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या एका जागी गोठतात. मॅकच्या एम मालिकेवर इमेज बांधत असाल तर लक्षात ठेवा, ती एआरएमची बनते आणि इंटेलच्या सर्व्हरवर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ देते. बांधतानाच प्लॅटफॉर्म सांगावा लागतो.

आता मशीन. टी३ स्मॉल घ्या, २ जीबी मेमरी, दोन व्हीसीपीयू (आभासी सीपीयू). ओएनएनएक्स आणि एका वर्करवर तुम्हाला ते पुरेल. मुंबईत त्याचं भाडं, सोबत २० जीबी डिस्क आणि सार्वजनिक आयपी धरून महिन्याला वीस-बावीस डॉलरच्या घरात जातं, वर १८ टक्के जीएसटी. अडीच हजारात बसतं. दर बदलत असतात, त्यामुळे घेण्याआधी त्यांच्या कॅल्क्युलेटरवर एकदा मांडून बघा. सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याचे तासाला अर्धा सेंट फेब्रुवारी २०२४ पासून वेगळे लागतात, हे बऱ्याच जुन्या व्हिडिओंमध्ये सांगितलेलं नसतं.

टी३ ची एक खोड सांगून ठेवतो. ही मशीनं पूर्ण सीपीयू कायमचा देत नाहीत. स्मॉलला प्रत्येक व्हीसीपीयूचे २० टक्के हक्काचे. कमी वापरलंत की क्रेडिट साठतात, जास्त वापरलंत की खर्च होतात. टी३ मुळात अनलिमिटेड मोडवर येतं, म्हणजे क्रेडिट संपले तरी मशीन पळत राहतं आणि जादा वापराचे पैसे लागतात. स्टँडर्ड मोड लावलात तर पैसे लागत नाहीत, पण मशीन एकदम मंदावतं. बजेट बांधलेलं आहे म्हणून मी तुम्हाला स्टँडर्ड लावायला सांगेन आणि क्रेडिटचा आलेख आठवड्यातून एकदा बघायला. तुमचा वापर सलग नाही, झटक्याझटक्याने आहे. असल्या कामासाठीच ही मशीनं बनवली आहेत.

बिलिंगमध्ये हजार, दोन हजार आणि अडीच हजारांवर सूचना लावा. पण ती फक्त ईमेल पाठवते, मशीन बंद करत नाही. नवा माणूस इथे फसतो. रूट खात्यावर दुहेरी पडताळणी लावा आणि अ‍ॅक्सेस की (खात्याची गुप्त किल्ली) कोडमध्ये लिहून गिटहबवर टाकू नका. उघड्या की शोधणारे बॉट चोवीस तास फिरत असतात, आणि दुसऱ्याच्या क्रिप्टो नाण्यांच्या खाणकामाचं बिल तुमच्या नावावर येतं.

मशीनऐवजी गूगल क्लाउड रन किंवा एडब्ल्यूएस लॅम्बडा या मागणीपुरत्याच चालणाऱ्या सेवा का नाहीत, हाही प्रश्न रास्त आहे. तिथे वापर नसेल तेव्हा सगळं शून्यावर जातं आणि त्याचे पैसेही पडत नाहीत. तुमचा हंगाम बघता हे पुढे फार सोयीचं आहे: ऑक्टोबर छाटणीनंतर, पावसाची एखादी सर पडून गेलेल्या सकाळी सगळे एकदम फोटो पाठवतील, आणि मे महिन्यात दिवसाला दहाही येणार नाहीत. लॅम्बडावर झिप फाइलची मर्यादा उलगडून २५० एमबी आहे, त्यात पायटॉर्च बसत नाही, ओएनएनएक्स रनटाइम बसतं. कंटेनरने गेलात तर १० जीबीपर्यंत मुभा आहे. क्लाउड रनवर मेमरी मुळात ५१२ एमबी असते, ती वाढवायची. दोन्हीकडे पहिल्या फोटोला काही सेकंद जास्त लागतात, कारण यंत्रणा झोपेतून उठते. तरी पहिला हंगाम तुम्ही साध्या मशीनवरच काढा असं मला वाटतं. लॉग कुठे जातात, मेमरी कशी भरते, डिस्क कशाने संपते हे एकदा हाताखालून गेलं की मग त्या सेवा नीट वापरता येतात. नाहीतर ५०३ आला की नेमकं काय बघायचं तेच सुचत नाही.

आता जे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्लांटव्हिलेजमध्ये द्राक्षाचे चार वर्ग आहेत: ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी. त्यात केवडा नाही. भुरी नाही. नाशिकच्या बागायतदाराची झोप ज्या दोन रोगांनी उडते तेच दोन्ही तुमच्या मॉडेलला ठाऊक नाहीत. केवड्याचं पान त्याच्यासमोर आलं तर ते ‘माहीत नाही’ म्हणणार नाही. चार शक्यतांची बेरीज एक झालीच पाहिजे असा त्याचा हिशेब आहे, त्यामुळे चारातलं कुठलं तरी एक नाव ते सांगणारच, आणि कदाचित ९० टक्के खात्रीने. चपलेचा फोटो दिलात तरी नाव सांगेल. करून बघा.

आणि ते ९९ टक्के. प्लांटव्हिलेजवर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ अभ्यासात ५४,३०६ फोटो होते आणि चाचणीची अचूकता ९९.३५ टक्के आली होती. त्याच संशोधकांनी वेगळ्या परिस्थितीत काढलेले, बाहेरून गोळा केलेले फोटो दिले तेव्हा ती ३१.४ टक्क्यांवर आली, आणि हे त्यांनी त्याच लेखात प्रामाणिकपणे लिहिलं. त्या संचातली पानं तोडून, साध्या एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवून फोटो काढलेले आहेत. तुमचा शेतकरी वेलीवरच्या पानाचा काढणार, मागे तार, माती, दुसरी पानं, उन्हाचे कवडसे, पानावर फवारणीचे पांढरे डाग. ते डाग भुरीसारखेच दिसतात.

म्हणून सर्व्हर आधी उत्तर देण्यासाठी नाही, फोटो गोळा करण्यासाठी चढवा. पहिल्या हंगामात ओळखीच्या वीस-तीस बागांपुरताच द्या. प्रत्येक फोटो, मॉडेलची आवृत्ती, चारही शक्यता आणि वेळ साठवा. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, तेव्हा सकाळी सातचा फोटो लॉगमध्ये रात्री दीडचा दिसला तर गोंधळू नका. शक्यता ठरावीक पातळीखाली असेल तर पडद्यावर सरळ लिहा: ‘या फोटोवरून सांगता येत नाही, जवळच्या कृषी अधिकाऱ्याला दाखवा.’ गोळा झालेले फोटो जाणकाराकडून तपासून घ्या. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथल्या शास्त्रज्ञांना भेटा. केवडा, भुरी आणि करपा हे वर्ग तुमच्याच फोटोंमधून उभे राहतील.

औषधाचं नाव आणि मात्रा मात्र कृपा करून पडद्यावर दाखवू नका, निदान अजून तरी. चुकीच्या फवारणीचा खर्च तर आहेच, पण युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची रेसिड्यू (औषधाचा उरलेला अंश) तपासणी होते आणि काढणीच्या तोंडावर भलतं औषध पडलं तर अख्ख्या बागेचा माल निर्यातीतून बाहेर जातो. ५०२ आला तर शेतकरी वैतागून फोन खिशात ठेवेल, त्याचं नुकसान होणार नाही. चुकीचं उत्तर २०० या ‘सगळं ठीक’ सांगणाऱ्या हिरव्या आकड्यासोबत गेलं तर होईल, आणि तुमच्या लॉगमध्ये त्याची एक ओळही सापडणार नाही.

कामाचा क्रम मी असा ठेवेन. आज वजनं वेगळी काढा आणि ओएनएनएक्स करा. उद्या वीस फोटोंची स्क्रिप्ट लॅपटॉपवरच पायटॉर्च आणि ओएनएनएक्स दोन्हींना लावून ताडा. मग टी३ स्मॉल, एनजिनएक्स, प्रमाणपत्र. नवी मॉडेल फाइल टाकताना जुनी पुसू नका. नावात तारीख घाला आणि सर्व्हर कुठली वापरतोय ते एका सेटिंगवर ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर एका मिनिटात मागे येता येईल. सर्व्हर जिवंत आहे का विचारणाऱ्या पत्त्याने नुसतं ‘ओके’ म्हणू नये. त्याने एक छोटा फोटो मॉडेलमधून खरोखर काढावा आणि मगच हो म्हणावं.

सगळं लागलं की मशीन मुद्दाम रीबूट करा आणि हात लावू नका. सिस्टमडीत सर्व्हिस ‘स्टार्ट’ केलेली असते पण ‘इनेबल’ करायची राहून जाते, हे मी अनुभवी लोकांकडूनही झालेलं बघितलंय. अशी मशीनं महिनोन्महिने चालतात आणि पहिल्याच रीबूटला परत उठत नाहीत. पाच मिनिटांनी वायफाय बंद करून, फोनच्या डेटावरून, बागेत उभं राहून एक फोटो पाठवा. उत्तर आलं की मला कळवा, आणि तेव्हा मेमरी किती वापरली जातेय तो आकडाही सोबत लिहा.